सिडनी पाहून झालं, मसुरं कधी?

माझी एक चुलत बहीण सिडनीत असते. ताई. नवरा, मुलगी, हार्बरपासून तासाभरावर घर, शनिवारी सकाळी भाजीबाजार आणि रविवारी भटकंती. तिचे फोटो म्हणजे आमच्या फॅमिली ग्रुपचं दर आठवड्याचं टॉनिक. ऑपेरा हाऊस समोरून, मागून, बोटीतून. हार्बर ब्रिजवर पट्टे बांधून चढलेली ताई. बॉण्डायपासून कूजीपर्यंत कड्याकडेने सहा किलोमीटर चाललेली ताई. ब्ल्यू माउण्टन्समध्ये थ्री सिस्टर्सच्या पुढ्यात उभी राहून 'फोर्थ सिस्टर' असं लिहिणारी ताई. आम्ही इकडे अंगठे दाखवतो, बदाम पाठवतो आणि पुन्हा एक्सेल शीटमध्ये डोकं घालतो.

तर या ताईचा मागच्या वर्षी ऑक्टोबरात एका रात्री फोन आला. तिच्याकडे पहाट, म्हणजे काहीतरी सिरियस.

"अरे, मसुऱ्याच्या जमिनीचं काय करायचं? काका म्हणतात, गिऱ्हाईक आलंय. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, सही लागणार. कुलमुखत्यारपत्र पाठवू का?"

"पाठव ना. विकून टाकू. तिथे जातंय कोण?"

"तेच म्हणते मी. पण तिथे नक्की आहे काय? तू तर भारतातच आहेस. तू बघितली असशील ना?"

मंडळी, इथे माझी बोलती बंद झाली. मी मुंबईत जन्मलो, मुंबईत वाढलो, फॉर्मवर 'मूळ गाव' या रकान्यात न चुकता 'मसुरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग' लिहीत आलो. जत्रेला चार-पाचदा गेलो असेन. सकाळी उतरायचं, रांगेत उभं राहायचं, काकीकडे जेवायचं, रात्रीची गाडी पकडायची. बास्! खाडीकाठची ती अकरा गुंठे जमीन मी आयुष्यात एकदाही पाहिली नव्हती. थायलंडमधल्या बीचेसची नावं मात्र मला पाठ!

"बघून सांगतो," मी म्हटलं. आणि नोव्हेंबरातल्या एका सोमवारची सुटी टाकली.

जत्रा नसताना कसो इलंस?

शुक्रवारी ऑफिसातून थेट सीएसएमटी आणि तिथून रात्रीची कोकणकन्या. सकाळी कणकवलीला उतरलात की निम्मं टेन्शन तिथेच संपतं. हवा ओलसर, चहा गोड आणि कुणालाच कसली घाई नाही. पुढे एस.टी. किंवा रिक्षा. मी एस.टी. घेतली, कारण खिडकीतून गाव हळूहळू येत जातं, ते रिक्षात होत नाही.

काकी अंगणात झाडू मारत होती. मला बघून झाडू तसाच हातात.

"गणपती झाले, जत्रा अजून लांब आसा. मगे तू आता कसो इलंस?"

"सहज गं काकी. फिरायला."

"हंय? फिराक?" काकीच्या चेहऱ्यावर 'याची नोकरी गेली वाटतं' अशी स्पष्ट काळजी. मग घावणे, चटणी आणि चहा समोर आला आणि प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

मसुरे हे गाव म्हणजे एक वाडी आणि एक देऊळ असं प्रकरण नाही. देऊळवाडा, मर्डे, मागवणे, आंगणेवाडी... वाड्या संपतच नाहीत. आणि या सगळ्याला धरून ठेवते ती खाडी. कणकवलीवरून वाहत येणारी गड नदी इथे पसरते, खारी होते आणि कालावलची खाडी म्हणून पुढे तळाशीलपाशी समुद्राला मिळते. मी इतकी वर्षं 'आमचं गाव समुद्राजवळ' असं सांगत होतो. खरं सांगायचं तर आमचं गाव खाडीचं आहे.

किल्ल्यासमोर किल्ला

पहिला स्टॉप भरतगड. गावातूनच वाट चढते. फार मोठा ट्रेक नाही, स्पोर्ट्स शूज पुरतात. वर चिऱ्याचे बुरूज, खडकात खोदलेला खंदक, आत बालेकिल्ला, महापुरुषाचं छोटं मंदिर आणि चक्क आमराई! किल्ला खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आंब्याच्या दिवसांत जाल तर हात खिशात ठेवा. एका बाबतीत मात्र या मालकीचा फायदा झालाय. झाडी राखलेली आहे आणि वाट मोकळी आहे. कित्येक सरकारी किल्ल्यांवर एवढंही नशिबात नसतं.

या किल्ल्याची गोष्ट भन्नाट आहे. जुन्या नोंदी सांगतात की शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये ही टेकडी पाहिली, पण वर पाणी नाही म्हणून किल्ल्याचा विचार सोडून दिला. पुढे खाडीच्या पलीकडच्या काठावर बावडेकर पंत अमात्यांनी भगवंतगड उभा केला. अलीकडे सत्ता सावंतवाडीकरांची. समोरच्याने किल्ला बांधला म्हटल्यावर हे गप्प कसे बसणार? फोंड सावंतांनी याच कोरड्या टेकडीवर विहीर खणायला घेतली. सव्वादोनशे फुटांच्या आसपास खोल गेल्यावर पाणी लागलं, असं त्या नोंदींत आहे. आणि मग 1701 मध्ये भरतगड पुरा झाला. 1818 मध्ये इंग्रज आले आणि दोन्ही काठांचं भांडण मिटलं, कारण दोन्ही काठ त्यांचेच झाले.

आता विचार करा. एका खाडीसाठी समोरासमोर दोन किल्ले? पण बुरुजावर उभं राहिलात की उत्तर समोर पसरलेलं दिसतं. पाणी नागमोडी आत येतं, थेट जमिनीच्या पोटात शिरतं. तेव्हा हमरस्ते नव्हते. माल यायचा-जायचा तो याच पाण्यावरून. ज्याच्या हातात खाडी, त्याच्या हातात जकात!

मी ताईला फोटो टाकला. तिचं उत्तर लगेच आलं: "अरे, हे तर आमच्या हार्बरसारखं दिसतंय!"

आणि ताई चुकलेली नव्हती. सिडनीचं जगप्रसिद्ध हार्बर म्हणजे तरी काय? समुद्राची पातळी वाढल्यावर बुडालेलं नदीचं खोरं. तिथे लोक रोज फेरीने ऑफिसला जातात, मॅनलीला जाणाऱ्या बोटीत कॉफी पितात, आणि त्या अर्ध्या तासाच्या प्रवासाला टुरिस्ट आयुष्यभराची आठवण म्हणतात. आमच्या आजोबांची पिढी अशीच होडीने बाजारहाट करायची. नंतर रस्ते झाले, पूल झाले आणि आम्ही खाडीकडे पाठ केली.

जुव्यावरची दुपार

काकीच्या ओळखीने एक होडीवाले दादा मिळाले. दुपारी भरतीचं पाणी चढलं तसे आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना कांदळवन, मध्येच खंड्याचा निळा झटका, काठावर स्तब्ध बगळे आणि माडांच्या रांगा. इंजिन बंद करून दादांनी बांबू हातात घेतला आणि एकदम शांतता पसरली. हेडफोनमध्ये मिळते ती नाही. खरीखुरी.

खाडीच्या मधोमध बेटं आहेत. इथे त्यांना 'जुवा' म्हणतात. मसुरकर जुवा, खोतजुवा, पुढे हडीकडचा पाणखोल जुवा. बेटांवर घरं, माड, विहिरी. शाळा-बाजार म्हणजे होडी. ताईच्या सिडनीत वॉटरफ्रण्ट घराला किती डॉलर पडतात ते तिने मला एकदा सांगितलं होतं. इथे वॉटरफ्रण्टला राहणाऱ्या आजींनी आम्हाला शहाळं दिलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

पण हे सगळं पोस्टकार्ड नाही, हेही सांगायलाच हवं. एका ठिकाणी दादांनी होडी थांबवली आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

"हंय आदी माडांची रांग होती. आता पाणी आसा."

काठ ढासळलेला. एक माड अर्धा आडवा, मुळं उघडी. खाडीतली वाळू बेसुमार उपसली की पात्र खोल होतं, काठाखालचा आधार जातो आणि जमीन माडांसकट पाण्यात बसते. जुव्यांवरच्या लोकांची ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. आपण मुंबईत टॉवरच्या बाल्कनीतून 'सी व्ह्यू' बघतो ना, त्या टॉवरच्या काँक्रीटला वाळू लागते. ती कुठल्या तरी खाडीतून येते. मी नुकताच ठाण्यात फ्लॅट बुक केलाय. दादांना ते सांगण्याची हिंमत झाली नाही.

आणि मग ती जमीन. आमची अकरा गुंठे. दादांनीच दाखवली. "ती बगा तुमची." काठापासून वर चढत गेलेला तुकडा. वीसेक माड, दोन फणस, करवंदीच्या जाळ्या आणि एक चिऱ्याने बांधलेली विहीर. आजोबांनी बांधलेली. वाकून पाहिलं तर तळाशी आभाळ. दादांनी कळशीने पाणी काढून ओंजळीत ओतलं. गोड! खारं पाणी शंभर पावलांवर आणि विहिरीत गोड पाणी.

"मेअखेरपर्यंत पुरता," दादा म्हणाले. "बाजूच्या वाडीतल्या बायकाव हंयसूनच भरतत."

मी विहीर पाहायला गेलो नव्हतो. किती पैसे येतील ते बघायला गेलो होतो. बाबांच्या मोबाइलवर एजंटने पाठवलेला मेसेज मी वाचला होता: 'रिव्हर टच प्रॉपर्टी'. त्यात विहिरीचा उल्लेख नव्हता. बायकांचा तर नव्हताच.

मालवणी संडे

रविवारी मालवण. इथे मात्र मी टिपिकल टुरिस्ट झालो आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

सकाळी पहिल्या बोटीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी झाली आणि 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. 48 एकरांचा पसारा. बोट अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, तो दोन बुरुजांच्या वळणात लपलाय. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा जपलेला आहे. शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं. आणि आहेत तीन विहिरी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोड पाणी! आदल्या दिवशीची ओंजळ आठवली. कोकणात किल्ला असो की घर, आधी पाणी बघतात, मग भिंत.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सिंधुदुर्ग आहे. ऑपेरा हाऊस 2007 मध्येच त्या यादीत गेलं. म्हणजे ताईचं आणि माझं आता फिट्टंफाट!

किनाऱ्यावर परतलात की राजकोट बघा. 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, इथे महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. आज तिथे 2025 मध्ये उभारलेला नवा, भव्य पुतळा आहे. तिथे उभं राहून समोर पाहिलं की साडेतीनशे वर्षं लाटा खाणारा तट दिसतो. जास्त काही बोलायची गरज उरत नाही.

मग स्कूबा. होय, मीही केलं! पोहता येत नसलं तरी चालतं. आधी उथळ पाण्यात श्वास घ्यायला शिकवतात आणि खाली एक इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. पहिली दोन मिनिटं मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. तिसऱ्या मिनिटाला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे चष्म्यासमोरून ट्रॅफिक पोलिसाला न जुमानणाऱ्या रिक्षांसारखे गेले आणि मी श्वासाचं विसरलोच. ग्रेट बॅरिअर रीफशी तुलना करू नका. तो हजारो किलोमीटरचा मामला आहे आणि तिथलं पाणी काचेसारखं असतं. मालवणचं पाणी कधी स्वच्छ, कधी गढूळ. पण रात्रीच्या गाडीने गाठता येणारं प्रवाळ आहे हो! मालवणचं हे सागरी अभयारण्य 1987 मध्येच जाहीर झालंय. म्हणून एक विनंती: माशांना पाव-बिस्किटं घालू नका, प्रवाळावर पाय ठेवू नका, आठवण म्हणून तुकडा तोडू नका. फोटो पुरे.

दुपारी जेवण. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, भाकरी, शेवटी दोन वाट्या सोलकढी. पुढची चाळीस मिनिटं या कॉलमच्या कामाची नाहीत. मी झोपलो होतो.

संध्याकाळी तारकर्ली आणि देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. बनाना बोट, जेटस्की, पॅरासेलिंग, सगळं आहे. गर्दीही आहे. इथे ताईची एक गोष्ट आठवली. ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावतात आणि त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच पोहायचं, असा नियम लहान पोरांनाही तोंडपाठ असतो. आपल्याकडे 'काही होत नाही रे' हा नियम! 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट फोटोपुरतं नको, बंद बांधून घाला. बोट भरलेली वाटली तर पुढच्या बोटीने जा. आणि संगमापाशी पाणी कितीही शांत दिसलं तरी उतरण्याआधी गाववाल्याला विचारा. तो 'नको' म्हणाला की नको.

भराडीआईच्या दारात, बिनरांगेचं

सोमवार सकाळ. ऑफिसात स्टेटस मीटिंग चालू असणार, या विचारानेच चहा जास्त गोड लागला.

आधी तळाशील-तोंडवळी. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला अरबी समुद्र आणि मधून रस्ता. गेले दोन दिवस ज्या पाण्यावर फिरलो, ते इथे येऊन समुद्रात जातं. किनारा जवळजवळ रिकामा होता. पलीकडे रापण ओढत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं. वीस-पंचवीस जण एका लयीत मागे सरकत होते. मीही दोरीला हात लावला. दोन मिनिटांत तळहात लाल! जिमची वर्षभराची मेंबरशिप त्या क्षणी मला फार निरुपयोगी वाटली. मासळी आली की ओढणाऱ्यांत वाटे पडतात. मलाही चार बांगडे मिळाले. आयुष्यातलं पहिलं इन्सेण्टिव्ह, जे कुठल्याही अप्रेझलशिवाय हातात पडलं.

मग आंगणेवाडी. मुंबईकरांना 'आंगणेवाडीची जत्रा' म्हणून जी माहीत असते, ती ही मसुऱ्याचीच वाडी. जत्रेची तारीख कॅलेंडरमध्ये छापलेली नसते. देवीला कौल लावून ती ठरते आणि ठरली की मुंबईभर बातमी होते. जादा गाड्या सुटतात, लाखो लोक येतात, नेतेमंडळी येतात. आंगणे कुटुंबातल्या बायका त्या दिवशी मौन धरून देवीचा प्रसाद रांधतात. एरवीच्या सोमवारी? मी, एक पुजारी आणि दोन मांजरं. माळावर वारा. भरडावर, म्हणजे कातळाच्या माळावर प्रकटली म्हणून भराडी, असं सांगतात. जत्रेत ते कातळ कधी दिसलेच नव्हते. माणसांच्या पायाखाली होते ना!

परतताना कुडाळ स्टेशन धरलं, कारण वाटेत धामापूर येतं. डोंगरांच्या कुशीतला हा तलाव 1530 मध्ये नागेश देसाईंनी बांधला, विजयनगरच्या काळात. जवळपास पाचशे वर्षं शेतीला पाणी देतोय आणि 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळालाय. काठावर भगवतीचं मंदिर. पायऱ्यांवर बसून मी ताईला फोन लावला. तिकडे रात्र झालेली.

मग सही?

"काय रे, काय आहे तिथे?"

मी सांगत गेलो. किल्ला, जुवा, विहीर, बायका, ढासळलेला काठ. काकी निघताना काय म्हणाली तेही सांगितलं. काकीला आमचा विक्रीचा बेत आधीच कळला होता. गावात सगळं कळतं. पिशवीत कोकम आणि कुळथाचं पीठ भरता भरता ती एवढंच म्हणाली होती: "विकूक काय, कधीव येता. पण काय विकतंस तां तरी बघलंस काय?"

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी इथे प्रत्येक पाहुण्याला हार्बर दाखवते. माझ्या मुलीला मात्र मी मसुरं कधी दाखवलंच नाही."

मी भावुक होऊन 'जमीन विकायची नाही' असं जाहीर केलं, असं समजू नका. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. कुणाला पोराच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, कुणाला ऑपरेशनसाठी. ते खोटं नाही. शिवाय भरतीच्या पाण्याच्या काठावर सीआरझेडचे नियम असतात. तिथे काय बांधता येतं आणि काय नाही, हे तालुक्याला जाऊन विचारायला हवं. ते आमच्यापैकी कुणीच विचारलेलं नव्हतं. तेव्हा एवढंच ठरलं की जत्रेपर्यंत कुणी सही करायची नाही. ताई लेकीला घेऊन येणार. चौदापैकी जमतील तेवढ्यांनी विहिरीपाशी बसायचं आणि तिथे ठरवायचं. विकायची तर विहीर आणि तिच्यापर्यंतची वाट वगळून विकता येईल का, हेही बघायचं. फॅमिली ग्रुपवर मी हे टाकलं. तीन अंगठे आले, दोन प्रश्नचिन्हं आली, आणि मोठे काका म्हणाले, "मला पण घेऊन चला. तीस वर्षं झाली."

तुम्ही जाणार असाल तर...

कसं जाल: मुंबईहून रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी. मसुऱ्यासाठी कणकवली, मालवणसाठी कुडाळ सोयीचं. गणपती, मे महिना आणि जत्रा सोडून गेलात तर तिकीटही मिळतं आणि गावही दिसतं. गाडीने जाणार असाल तर मुंबई-गोवा महामार्ग आहेच, पण रात्रभर ड्रायव्हिंग करून किल्ला चढायचा हट्ट नको.

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात.

कुठे राहाल: तारकर्लीला एमटीडीसी आहे, मालवण-देवबागला घरगुती खोल्या भरपूर. मसुऱ्यासारख्या गावात कुणाकडे घरगुती सोय होते का, ते आधी फोन करून विचारा. जेवणाचंही आधीच सांगा. मासळी ऑर्डरवर नाही, भरतीवर येते.

काय खाल: सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी मासे, संध्याकाळी शिरवाळे आणि नारळाचा रस. वडे-कोंबडीसाठी एक वेळ राखून ठेवा. येताना खाजं, कोकम, कुळथाचं पीठ. ऑफिससाठी खाजं दुप्पट घ्या, अर्धं गाडीतच संपतं.

काय कराल: दोन दिवस समुद्राला दिलेत तर एक दिवस खाडीला द्या. होडीवाल्याला भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि अर्धा तास इंजिन बंद ठेवायला सांगा. पैसे तेवढेच.

आणि हो, तुमच्याही फॉर्मवर 'मूळ गाव' असा एक रकाना असेलच. मसुरे नसेल, दुसरं काही असेल. सही करण्याआधी एक वीकेण्ड तिथे काढा. विहीर असली तर वाकून बघा.